नववीच्या मुलांना पाचवीचे दादा-ताई करायचंय? मग आधी त्यांनी काय करायचं नाही ते ठरवा

प्रश्न थोडक्यात असा आहे. तालुक्याच्या गावातलं हायस्कूल, पाचवी ते दहावी, प्रत्येक इयत्तेच्या दोन तुकड्या. आजूबाजूच्या वाड्यांवरच्या जिल्हा परिषद शाळांतून चौथी झालेली मुलं जूनमध्ये पाचवीत येतात आणि महिनाभरात सातवी-आठवीच्या पोरांची दादागिरी सुरू होते. डबा हिसकावणं, सायकलची हवा सोडणं, बापाच्या नावाने हाका मारणं, रंगावरून, बोलण्यातल्या हेलावरून चिडवणं. दोन-तीन मुलं तर दिवाळीनंतर शाळेतच आली नाहीत. प्रश्न विचारणाऱ्या मॅडमच्या डोक्यात असं आहे की नववीतली वीस हुशार, शिस्तीची मुलं निवडायची, त्यांना बॅज द्यायचे, मधल्या सुट्टीत लक्ष ठेवायला लावायचं, आणि त्यांना ट्रेनिंग काय द्यावं असं त्या विचारतायत.

मॅडम, मी बरीच वर्षं शाळांमध्ये समुपदेशक म्हणून काम करते आणि मोठ्या मुलांनी लहानांना सांभाळायचं ही कल्पना मला मनापासून आवडते. पण तुमच्या प्लॅनमधून तीन गोष्टी आधी काढा : 'हुशार', 'बॅज' आणि 'लक्ष ठेवणं'. ट्रेनिंगचं नंतर बघू.

का ते सांगते. केंब्रिजच्या टोफी आणि फॅरिंग्टन या दोघांनी २०११ मध्ये जगभरातल्या ४४ शालेय अँटी-बुलिंग, म्हणजे दादागिरी रोखण्याच्या, कार्यक्रमांचे निकाल एकत्र करून तपासले. सरासरी चांगली निघाली, त्रास देण्याचं प्रमाण साधारण २० ते २३ टक्के कमी झालेलं. पण कार्यक्रमातला कुठला भाग काम करतो आणि कुठला नाही हे वेगळं काढून बघितलं तेव्हा एक विचित्र गोष्ट समोर आली, जिथे मुलांनाच मध्यस्थ, मेंटॉर वगैरे अधिकृतपणे नेमलं होतं तिथे त्रास सोसणाऱ्यांचं प्रमाण उलट वाढलेलं दिसलं. हे वाचून पिअर मेंटॉरिंग, म्हणजे मुलांनीच मुलांना सांभाळणं, बंदच करा असा अर्थ काढणं मला घाईचं वाटतं. त्याच लोकांनी गॅफनी नावाच्या संशोधिकेबरोबर २०२१ मध्ये नवीन अभ्यास धरून परत हिशोब मांडला आणि त्यात अनौपचारिक पद्धतीने मुलांना सामील करून घेणं, म्हणजे गटचर्चा, रोल-प्ले, एकत्र काम, हे चांगल्या निकालांशी जोडलेलं निघालं. मग फरक कुठे पडतो? माझं मत असं की मुलाच्या हातात तुम्ही काय देता यावर पडतो. सत्ता दिलीत तर शाळेत आधीच चालू असलेल्या दादागिरीला एक सरकारमान्य शाखा उघडून मिळते. नातं दिलंत तर उपयोग होतो. आपल्याकडे हे समजावून सांगायची गरज पडू नये खरं तर, फळ्यावर 'बडबड करणाऱ्यांची नावं' लिहिणारा मॉनिटर आपण सगळ्यांनीच बघितलाय आणि तो कुणाची नावं लिहायचा आणि कुणाची पुसायचा हेही बघितलंय.

आता लक्ष ठेवण्याबद्दल. कॅनडात टोरांटोच्या शाळांच्या मैदानावर कॅमेरे आणि मुलांच्या अंगावर वायरलेस माइक लावून पेपलर, क्रेग यांच्या टीमने त्रास देण्याचे ३०६ प्रसंग नोंदवले होते, २००१ मध्ये ते छापून आलं. दहातल्या जवळजवळ नऊ प्रसंगांत आजूबाजूला इतर मुलं हजर होती. मध्ये पडलं कोण, तर फक्त १९ टक्के प्रसंगांत कुणीतरी. पण जेव्हा कुणी मध्ये पडलं तेव्हा निम्म्याहून जास्त वेळा, ५७ टक्के, दहा सेकंदांच्या आत प्रकार थांबला. ही प्राथमिकची मुलं होती, नववीच्या पोरांना आकडे जसेच्या तसे लागू होणार नाहीत, पण गोष्ट लक्षात घ्या की थांबवणारं मूल हे तिथे आधीच उभं असलेलं मूल होतं, ड्युटीवर पाठवलेलं नव्हे. फिनलंडमधल्या तुर्कू विद्यापीठाच्या सालमिवाली बाईंनी १९९६ मध्ये वर्गातल्या या भूमिका मांडल्या : एक त्रास देणारा, एक-दोन त्याचे हस्तक, काही हसून टाळ्या देणारे, बरेचसे मला-काय-त्याचं म्हणून बाजूला होणारे, थोडे पाठीशी उभे राहणारे आणि ज्याला त्रास होतो तो. त्यांच्याच कामातून उभा राहिलेला किवा नावाचा कार्यक्रम २००९ पासून फिनलंडभर पसरला, आणि त्याचा मुख्य भर या मधल्या हसणाऱ्या आणि बाजूला होणाऱ्या मुलांवर आहे. कारण त्रास देणाऱ्याला खरं तर समोरच्या लहान पोराकडून काहीच नको असतं, त्याला ते मागचं हसणं हवं असतं.

म्हणून तुमच्या नववीच्या मुलांचं काम दोनच गोष्टींचं ठेवा. एक, नवीन आलेल्या मुलाला शाळेत एकटं पडू द्यायचं नाही. दोन, त्याने काही सांगितलं तर ते योग्य मोठ्या माणसापर्यंत पोचवायचं. बास. चौकशी नाही, शिक्षा नाही, नावं लिहून देणं नाही, आणि दोघांना समोरासमोर बसवून 'हात मिळवा' करणं तर अजिबातच नाही. हे शेवटचं शिक्षकसुद्धा सर्रास करतात. बरोबरीच्या दोन मुलांचं भांडण झालं असेल, चेंडूवरून, बाकावरून, तर समेट ठीक आहे. पण बुलिंगची जी व्याख्या नॉर्वेच्या ओल्व्हेयस या संशोधकापासून चालत आलीये त्यात तीन गोष्टी असतात, मुद्दाम करणं, परत परत करणं, आणि ताकदीतला फरक. ताकदीत फरक असताना समेट घडवला की दुबळ्या मुलाने सगळ्यांसमोर हसून हात मिळवायचा आणि शाळा सुटल्यावर एसटी स्टँडवर त्याची किंमत मोजायची, एवढंच होतं.

आता निवड. हुशार मुलं का नकोत? नकोत असं नाही, पण फक्त तीच नकोत. पहिल्या बाकावरचे वीसजण घेतलेत तर मागच्या बाकांवर त्यांचं काडीचं चालत नाही, आणि मारामारी, चिडवाचिडवी ठरते ती मागच्या बाकांवर. अमेरिकेत न्यू जर्सीमधल्या ५६ शाळांत पॅलक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग केला, २०१६ मध्ये त्याचे निकाल आले. प्रत्येक मुलाला विचारलं की गेल्या काही आठवड्यांत तू कुणाकुणाबरोबर वेळ घालवलास, प्रत्यक्ष किंवा ऑनलाइन, त्यांची नावं लिही. त्यावरून कुठल्या मुलांकडे सगळ्यांचं लक्ष असतं ते कळलं. मग निम्म्या शाळांत मुलांचा छोटा गट चिठ्ठ्या टाकल्यासारखा निवडून त्यांना शाळेतली भांडणं कमी करायची कामं त्यांच्याच डोक्याने करू दिली, पोस्टर, घोषणा, कुणी चांगलं वागलं तर हातात घालायचा नारिंगी बँड. वर्षभरात या शाळांत भांडणांच्या शिस्तभंगाच्या नोंदी सुमारे २५ टक्के कमी झाल्या, आणि गटात जितकी जास्त 'सगळ्यांचं लक्ष असलेली' मुलं होती तिथे परिणाम जास्त. ही मुलं मार्कांनी पहिली होती असं काही नाही. तुमच्याकडे ती कबड्डीच्या टीममध्ये असतील, गॅदरिंगला नाचणारी असतील, एखादी मुलगी अशी असेल की तिने दोन वेण्या सोडून एक वेणी घातली की आठ दिवसांत वर्गभर एक वेणी.

त्यामुळे जानेवारी-फेब्रुवारीत आठवीच्या वर्गात एक कोरा कागद द्या आणि दोन प्रश्न विचारा. तू सुट्टीत, क्लासला, येताजाताना कुणाबरोबर असतोस, पाच नावं. आणि तुला काही वाईट वाटलं तर मुलांपैकी कुणाला सांगशील, दोन नावं. कागद तुमच्याशिवाय कुणी बघायचा नाही, स्टाफरूमच्या टेबलावर तर ठेवायचाच नाही. दोन्ही याद्यांत जी नावं येतात ती तुमची मुलं. मग बघा की त्यात सगळ्या वस्त्यांची, सगळ्या जातींची, वाड्यांवरून येणारी, गावातली, वसतिगृहातली मुलं आहेत का. नसतील तर यादी वाढवा. दोन मुलं तरी अशी हवीत जी स्वतः वाडीवरून सायकल मारत पाचवीत आली होती. सगळी मुलं एकाच आळीची असली तर पाचवीच्या पोराला दादा मिळत नाही, दादागिरीची नवीन तुकडी मिळते.

एक प्रश्न प्रत्येक शाळेत येतोच, की जो सगळ्यात जास्त त्रास देतो त्यालाच मेंटॉर करू, जबाबदारी आली की सुधारेल. सिनेमात सुधारतो. खऱ्या शाळेत एखादा खरंच सुधारतो, पण त्याची परीक्षा तुम्ही पाचवीच्या मुलाच्या जिवावर घेताय. आणि असे चार-पाच एकत्र गटात घेतलेत तर अजून वाईट, डिशन वगैरे संशोधकांनी १९९९ मध्येच दाखवून दिलंय की आक्रमक पोरांना एकत्र बसवून सुधारायला गेलं तर ती एकमेकांना शाबासकी देत अजून बिघडू शकतात. त्या मुलाबरोबर काम नक्की करा, पण वेगळं, मोठ्यांनी.

दहावी घेऊ नका, बोर्ड आहे, घरचे ऑक्टोबरपासून शाळेत भांडायला येतील.

जोड्या करा. दोन मोठ्यांकडे पाच-सहा लहान. एकटा मेंटॉर आणि एकटं लहान मूल ही रचना मला बिलकुल मान्य नाही, दोघांच्याही सुरक्षिततेसाठी. भेटायचं ते उघड्यावर, व्हरांड्यात, झाडाखाली, जिथून जाणायेणाऱ्याला दिसतं. मुलींच्या गटाला ताई, मुलांच्या गटाला दादा ठेवलं तर पालकांची कुरकुर कमी होते. फोन नंबर घ्यायचे नाहीत, वेगळा व्हॉट्सअॅप ग्रुप नाही, पैसे-वस्तू देणंघेणं नाही, घरी बोलावणं नाही. हे सगळं एका पानावर लिहून मेंटॉरच्या आणि लहान मुलाच्या, दोन्ही पालकांची सही घ्या, आणि ते पान पालक-शिक्षक संघाच्या बैठकीत वाचून दाखवा म्हणजे नंतर कुणी 'आम्हाला माहीतच नव्हतं' म्हणणार नाही.

ट्रेनिंगला दोन अर्धे दिवस पुरतात, जूनच्या शाळा उघडायच्या आधी किंवा एप्रिलमध्ये परीक्षेनंतर. भाषणं नकोत. पाहुणा बोलावून 'बुलिंग एक सामाजिक समस्या' करू नका प्लीज. मुलांना उभं करून प्रसंग करायला लावा. प्रसंग तुमच्याच शाळेतले घ्या, नावं बदलून. पाण्याच्या टाकीपाशी तिघांनी एकाची बाटली उंच धरलीये आणि तो उड्या मारतोय, बाकीचे हसतायत. तू तिथून चाललायस. काय करशील? पहिल्यांदा पोरं सांगतात, 'मॅडम, एक ठेवून देईन.' मग ते करूनच दाखवायला सांगा, आणि पुढच्या दिवशी काय होईल तेही करायला सांगा. दहा मिनिटांत त्यांचं त्यांनाच कळतं की दादाने ठेवून दिली की उद्या दादा नसताना त्या लहानाला दुप्पट मिळते.

मग पर्याय शिकवा. सगळ्यात सोपा म्हणजे लक्ष दुसरीकडे वळवणं. 'अरे तुला सावंत सर शोधतायत, चल' असं म्हणून त्या लहानाला घेऊन निघायचं, त्रास देणाऱ्यांकडे बघायचंसुद्धा नाही. न हसणं हीसुद्धा कृती आहे आणि ती दोस्तांना जमवायला लावणं ही त्याहून मोठी. नुसतं जाऊन त्याच्या शेजारी उभं राहणं. आणि काहीच जमलं नाही, भीती वाटली, समोरचे दहावीचे होते, तर नंतर जाऊन 'मी बघितलं, ते चुकीचं होतं, चल आपण मॅडमना सांगू' एवढं तरी. हे नंतरचं वाक्य फार महत्त्वाचं आहे, कारण त्रास झालेल्या मुलांशी बोलताना मी परत परत ऐकते की मार लागल्याचं एवढं नाही पण सगळे बघत होते आणि नंतर कुणीच काही बोललं नाही याचं वाईट वाटतं.

दुसरं, ऐकायचं कसं. आपल्या मुलांना सल्ला द्यायची भयंकर घाई असते, घरात, शाळेत सगळे सल्लेच देतात मग पोरं तरी काय शिकणार. 'तू लक्ष देऊ नकोस' हे वाक्य ट्रेनिंगमध्ये बंद करून टाका. 'तू पण उलट दे' हेही. त्याऐवजी 'कधीपासून चाललंय?', 'अजून कुणाला माहितीये?', 'तुला काय झालेलं आवडेल?' असे तीन-चार साधे प्रश्न घोकून घ्यायला लावा, घोकंपट्टीचा निदान इथे तरी उपयोग.

आणि तिसरं, सगळ्यात कळीचं, वचन. लहान मूल म्हणतं, 'दादा, सांगतो, पण कुणाला सांगायचं नाही, शपथ घे.' मेंटॉरने शपथ घ्यायची नाही. त्याने म्हणायचं, 'मी सगळीकडे बोंबलणार नाही, पण तुला धोका असेल तर मॅडमना सांगावंच लागेल, आणि आपण दोघं मिळून जाऊ.' हे दहा वेळा म्हणवून घ्या कारण ऐन वेळी जिभेवर शपथच येते. सांगावंच लागेल अशा गोष्टींची यादी स्पष्ट करा : अंगाला हात लावणं, कपडे काढायला लावणं, असले फोटो-व्हिडिओ, पैसे मागणं, हत्यार, जातीवरून शिवीगाळ, घरी मारहाण, आणि 'मला जगायचंच नाही' असं काही बोलणं. यातलं काहीही कानावर आलं की त्याच दिवशी, शाळा सुटायच्या आत, तुमच्यापर्यंत. पुढचं काम त्या पोराचं नाही. लैंगिक प्रकाराचं तर पोक्सो कायद्याने, २०१२ च्या, कळवणं बंधनकारक आहे आणि न कळवल्याची शिक्षा मोठ्यांना आहे, मुलांना त्यातून वगळलंय, हे मेंटॉरना आणि त्यांच्या पालकांना सांगून टाका, त्यांचा जीव भांड्यात पडतो. १०९८ हा चाइल्डलाइनचा नंबर आणि टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ प्रत्येक मुलाच्या वहीत मागच्या पानावर असू दे. शाळेची सखी सावित्री समिती, म्हणजे मुलामुलींच्या सुरक्षिततेसाठीची समिती, कागदावर असेलच, ती कोण कोण आहे हे मुलांना माहीत आहे का ते एकदा विचारून बघा, उत्तर ऐकून तुम्हीच हसाल.

मोबाईलचं वेगळं सांगते. वर्गाच्या ग्रुपवर एखाद्याचा झोपलेला फोटो काढून स्टिकर बनवणं, इन्स्टावर खोटं अकाउंट, हे आता पाचवीपर्यंत आलंय कारण आईचा फोन असतो. मेंटॉरला सांगा की फॉरवर्ड करायचं नाही, स्माइली टाकायची नाही, स्क्रीनशॉट काढून मॅडमना दाखवायचा. अपवाद एकच, उघडे फोटो असतील तर स्क्रीनशॉटसुद्धा काढायचा नाही, कुणाला पाठवायचा तर नाहीच, फोन तसाच मोठ्यांच्या हातात द्यायचा. मुलांचे असले फोटो जवळ ठेवणं आणि पाठवणं हाच गुन्हा आहे आणि चांगल्या हेतूने पोरगं त्यात अडकायला नको.

भेटींचं वेळापत्रक म्हणाल तर पहिल्या दिवसापासून सुरुवात हवी. गणपतीनंतर सुरू करू म्हणालात तर तोपर्यंत कोण कुणाला काय नावाने हाक मारणार हे ठरून गेलेलं असतं. पहिल्या आठवड्यात मेंटॉरनी लहानांना शाळा फिरवून दाखवायची, टॉयलेट कुठे, खिचडीची रांग कशी, कुठले सर दिसतात तेवढे कडक नाहीत. पहिले दोन महिने दर शनिवारी एक तास, सकाळची शाळा असते तेव्हा जमतं. नंतर पंधरा दिवसांनी. तासात गप्पा मारा म्हटलं की कुणीच बोलत नाही, काहीतरी हाताला काम द्या, पतंग, आकाशकंदील, भिंतीपत्रक, लगोरी. बोलणं त्यात आपोआप होतं.

आणि आता ज्याच्यावर सगळं उभं राहतं किंवा पडतं ते. मेंटॉरना दर पंधरा दिवसांनी तुम्ही, म्हणजे एका ठरलेल्या मोठ्या माणसाने, चाळीस मिनिटं भेटायचं. न चुकता. हे बंद पडलं की योजना बंद करा, अर्धवट चालू ठेवू नका. लहान मुलांच्या गोष्टी ऐकून तेरा-चौदा वर्षांच्या मुलांच्या डोक्यावर ओझं येतं, काहींना स्वतःचं जुनं आठवतं, आणि कुणी ऐकायलाच नसेल तर ती एक तर गप्प होतात नाहीतर स्वतःच न्यायनिवाडा करायला लागतात.

हे ठरलेलं माणूस कोण असावं यावर आपल्याकडचाच पुरावा आहे. गोव्याच्या संगत या संस्थेने बिहारमध्ये नालंदा जिल्ह्यातल्या ७४ शाळांत सेहेर नावाचा कार्यक्रम केला. मुलांचे गट, चर्चा, भिंतीपत्रक, मनातलं लिहून टाकायची पेटी, असं सगळं आपल्या ओळखीचं. काही शाळांत तेच काम शाळेतल्या शिक्षकाने केलं आणि काही शाळांत फक्त त्याच कामासाठी ठेवलेल्या, मानसशास्त्राची मोठी डिग्री नसलेल्या पण ट्रेनिंग दिलेल्या माणसाने, ज्याला सेहेर मित्र म्हणायचे. २०१८ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात निकाल आले. सेहेर मित्र असलेल्या शाळांत वातावरण सुधारलं, बुलिंग आणि मारामारी कमी झाली, उदासीही कमी झाली. शिक्षकांनी चालवलेल्या शाळांत काहीच फरक नाही. शिक्षक वाईट म्हणून नव्हे हो. तुम्हीच बघा ना, गणिताचे तास, पेपर, ऑनलाइन माहिती भरणं, निवडणुकीचं काम, त्यात कुणी ही चाळीस मिनिटं कुठून काढणार, आणि ज्या बाई सकाळी गृहपाठावरून ओरडल्या त्यांना दुपारी मन कोण मोकळं करणार. तुमच्या शाळेला वेगळा माणूस परवडणार नाही हे मला माहितीये. पण मुख्याध्यापकांकडून एवढं तरी मागा की जो शिक्षक हे बघेल त्याचे आठवड्याचे दोन तास वेळापत्रकातून कमी होतील, आणि शक्यतो तो पाचवी-नववीला मार्क देणारा नसेल. खेळाचे सर, चित्रकलेच्या बाई, ग्रंथपाल, असं कुणीतरी. शिपाई मामा आणि खिचडीवाल्या मावशींनाही यात घ्या, टॉयलेटच्या मागे काय चालतं हे त्यांच्याइतकं स्टाफरूमला कधीच माहीत नसतं.

सीबीएसईच्या शाळांसाठी २०१५ पासून परिपत्रक आहे, त्यात बुलिंगविरोधी समितीत उपमुख्याध्यापक, शिक्षक, डॉक्टर, समुपदेशक, पालक यांच्याबरोबर पिअर एज्युकेटर, म्हणजे बरोबरीच्या मुलांना समजावणारी, मुलंही असावीत असं म्हटलंय. तुमचं बोर्ड वेगळं असलं तरी समिती बनवताना हा साचा चालेल. फक्त एखाद्या मुलाला काय शिक्षा करायची ही चर्चा असेल तेव्हा मुलांना बैठकीत बसवू नका.

उपयोग होतोय का हे कसं कळणार? तक्रारी मोजून नाही. पहिल्या तीन-चार महिन्यांत तक्रारी वाढतातच, कारण आधी सांगायला कुणी नव्हतं, आणि नेमकं तेव्हाच मुख्याध्यापक म्हणतात की बघा, तुमच्या योजनेमुळे भांडणं वाढली. हे त्यांना जूनमध्येच सांगून ठेवा. मोजायचं असं की योजनेच्या आधी आणि नंतर वर्षातून दोनदा नाव न लिहिता चार प्रश्नांचा कागद भरून घ्या, गेल्या महिन्यात तुला त्रास झाला का, किती वेळा, कुठे, कुणाला सांगितलंस का. सोबत शाळेचा हाताने काढलेला नकाशा द्या आणि जिथे भीती वाटते तिथे लाल फुली मारायला सांगा. फुल्या ज्या दोन-तीन जागी गोळा होतील तिथे मोठ्या माणसाची ड्युटी लावा, मेंटॉरची नव्हे. कित्येक शाळांत एका शिक्षकाने मधल्या सुट्टीत चहाचा कप घेऊन टाकीपाशी उभं राहिल्याने जेवढं काम होतं तेवढं पोस्टरनी होत नाही. हजेरीपण बघा, एखादं मूल ठरावीक वारीच गैरहजर असेल तर त्या दिवशी पीटी आहे की अजून काय ते शोधा.

एक अवघड गोष्ट राहिली. शिक्षकच जर वर्गात 'ए जाड्या', 'काळ्या, उठ', 'तुमच्या लोकांना कुठून येणार गणित' असं बोलत असतील तर नववीच्या मुलाने पाचवीच्या मुलाला कितीही सांभाळलं तरी पाणी वरूनच गढूळ आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळालाही बंदी आहे, आणि जातीवाचक बोलणं तर थेट अॅट्रॉसिटीच्या कक्षेत जाऊ शकतं. मेंटॉर मुलं हे तुमच्याकडे घेऊन येतील, हमखास येतील, आणि तेव्हा तुम्ही 'सरांबद्दल असं बोलायचं नाही' म्हणालात की त्या दिवसापासून ती तुम्हाला काहीच सांगणार नाहीत. म्हणून स्टाफ मीटिंग आधी आणि मुलांचं ट्रेनिंग नंतर, हा क्रम उलटा करू नका.

बक्षिसं, सर्टिफिकेटबद्दल विचारलंयत. वर्षाच्या शेवटी सगळ्यांना सारखं एक पत्र द्या, 'सर्वोत्कृष्ट मेंटॉर' असली स्पर्धा लावू नका, कारण मग लहान मुलांच्या खाजगी गोष्टी पुराव्यासारख्या गोळा व्हायला लागतात. मेंटॉरचे फोटो आणि नावं नोटीस बोर्डावर चालतील, लहानांना चेहरे कळायला हवेत. एखाद्या मेंटॉरनेच त्रास दिला तर त्याला शांतपणे कामातून कमी करा आणि बाकी मुलांबाबत जे केलं असतं तेच त्याच्याबाबत करा, परिपाठाला उभं करून अपमान नको.

आत्ता तुमच्याकडे वर्षाचा मधला काळ चालू आहे, त्यामुळे वीस मेंटॉर वगैरे लगेच नको. आधी त्या शाळा सोडलेल्या दोन-तीन मुलांच्या घरी जाऊन या. मग नकाशा आणि चार प्रश्नांचा कागद सहावीपर्यंत भरून घ्या, ड्युट्या बदला, आठवीत नावांचा कागद फिरवा. मुख्याध्यापकांकडे दोन तासांचं बोला. ते तास मिळाले तर येत्या जूनला पाचवीच्या एकाच तुकडीपासून सुरू करा, आणि नाही मिळाले तर नकाशा आणि ड्युटी एवढंच चालू ठेवा, मेंटॉरचं पुढच्या वर्षावर टाका.